म्हाळूनं रानाला निजवलं

खर्रर्र.

नांगराचा फाळ दगडावर घासला की असा आवाज येतो. म्हाळूनं तो ऐकला आणि बैल थांबवले. ह्याला आता इतकी वर्षं झाली की तेव्हाचं माणूस उरलं नाही, तेव्हाचं झाडही उरलं नाही. पण खडकओहळच्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, आमच्या गावाची गोष्ट त्या आवाजापासून सुरू होते.

म्हाळू खाली बसला. नांगराच्या तासातली माती त्यानं बोटांनी बाजूला केली. खाली खडक होता. त्याच्या बापाच्या वेळी ह्याच जागी गुडघाभर उकरलं तरी खडक लागत नसे. आजाच्या वेळी तर खांब रोवायला खड्डा घेतला आणि आत उतरलेल्या माणसाला वर यायला शिडी लागली, असं म्हणतात. आता वीतभर माती उरली होती, तीही चुलीतल्या राखेसारखी, हातात घेतली तर बोटांच्या फटीतून निघून जाणारी. म्हाळूला वाटलं, हा आवाज दगडाचा नाही. हे कुणीतरी दमलेलं माणूस खोकलं.

खडकओहळ माळावर आहे. माळ उतरता आहे. वरच्या अंगाला खडक, खालच्या अंगाला ओढा, आणि मध्ये रानं, एकाखाली एक, पायऱ्यांसारखी. पावसाळ्यात बाजरी, हिवाळ्यात ज्वारी, पुन्हा बाजरी, पुन्हा ज्वारी. कापणी झाली की सड, म्हणजे मागं उरलेली धसकटंसुद्धा उपटून चुलीला न्यायचे, रान झाडून काढल्यासारखं उघडं करायचं आणि पुन्हा नांगर घालायचा. उन्हाळ्यात वारा यायचा आणि माती घेऊन जायचा. पावसाळ्यात पाणी यायचं आणि राहिलेली घेऊन जायचं. माणसं बघत नव्हती असं नाही. बघत होती. पण रोज थोडं थोडं जातं, त्याला कुणी गेलं म्हणत नाही.

मग ज्वारीचं कणीस मुठीत झाकलं जाऊ लागलं. एकेक घर खाली सपाटीला उतरलं, दुसऱ्याच्या रानात राबायला. आणि ज्या साली म्हाळूनं तो आवाज ऐकला, त्या साली होळीपुढं उरलेलं गाव जमलं आणि ठरलं की अजून एक साल बघायचं. पुढची होळी पेटली की दारं काढून गाड्यांवर टाकायची आणि सगळ्यांनी मिळून खाली उतरायचं. हे ठरवणाऱ्यांत म्हाळूचा थोरला भाऊ बहिरू पुढं होता. त्याचंही बरोबर होतं. उपाशी माळाला धरून किती दिवस बसणार?

म्हाळूनं घरी येऊन बायकोला सांगितलं. तिचं नाव धुरपा. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी तिनं आधी उलटली.

"माझं म्हायेर असंच उठलं," ती म्हणाली. "म्या पोरगी हुते. दार न्यायला गाडी नव्हती, म्हणून आईनं नुसती दाराची कडी काढली आन् पदरात बांधून चालाय लागली. आता तितं चुलीच्या जागंला बाभळ उगवलीया. एकडाव बघितलंय म्या गाव उठताना. दुसऱ्यांदा न्हाई बघायची. तुमी जावा खाली. म्या हितंच बसंन."

ती रागानं बोलली असती तर म्हाळूनं काही उत्तर दिलं असतं. ती दमून बोलली. म्हाळूला ते जड गेलं. त्या दिवसापासून त्याच्या मनात एवढंच राहिलं, की वर्ष संपायच्या आत ह्या रानातून काहीतरी उगवलं पाहिजे, नाहीतर धुरपा एकटी ह्या माळावर बसेल आणि मला तिच्याशेजारी बसावं लागेल.

माळाच्या पायथ्याला बाजाराच्या वाटेवर हौसाबाई नावाची म्हातारी राहायची. ती दोर वळायची. दोरासाठी खोपटामागं थोडा ताग पेरायची. म्हाळू बाजाराला जाताना तिच्याकडं पाणी प्यायला थांबला, तर खोपटामागं वांगी. झाडं इतकी लगडलेली की फांद्या भुईला टेकलेल्या. म्हाळूनं मातीत हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. आत गार होतं.

"हौसामावशे, हितं शेण किती टाकलंस?"

"शेण कुटलं? गाय हाय का माझ्याकडं? मागल्या साली तापानं पडले, ताग कापायचा ऱ्हायला. कवळा हुता, फुलावर हुता, मुसळधार पावसानं लोळला आन् तितंच चिखलात कुजला. म्या म्हनलं, गेला माझा दोर. यंदा तितंच वांगी लावली."

तिनं बाजूचं तागाचं एक ताट उपटून त्याला दाखवलं. मुळांना मोहरीच्या दाण्याएवढ्या गाठी होत्या, बारीक मण्यांची माळ गुंडाळावी तशा. म्हाळू बराच वेळ ते मूळ बघत राहिला. मग त्यानं बी मागितलं. हौसाबाईनं त्याला दोर वळायला बसवलं. वाकून वाकून त्याची पाठ धरली, तळहात सोलले, आणि तिच्या मनासारखा दोर झाला तेव्हा तिनं बियांचं गाठोडं त्याच्या हाती दिलं.

"फुलावर आला की गाड," ती म्हणाली. "फूल उलटून गेलं की खोड काठीगत हुतं. मग ते मातीत कुजत न्हाई. मग त्ये माझ्याच कामाचं."

आता हे समजून घ्यायला हवं, की खडकओहळमध्ये ताग कुणी पेरत नसे. मोटेला तागाचा नाडा चाले, खाटेला तागाची सुतळी चाले, पण तिरडीही तागाच्याच दोरानं बांधतात. म्हणून ताग विकत आणायचा, आपल्या रानात उगवू द्यायचा नाही. रानात तागाचं फूल फुललं की घरातलं माणूस जातं, अशी समजूत होती. ती कुठून आली कुणाला माहीत नाही. पण सगळे पाळत होते.

बहिरूचं रान वर आणि म्हाळूचं त्याच्या खाली, मध्ये एक बांध. बहिरूचा एक बैल, बांड्या. म्हाळूचा एक बैल, मोरा. एका बैलावर नांगर चालत नाही, म्हणून दोघं भाऊ बैल जोडून आधी एकाचं रान करत, मग दुसऱ्याचं. ह्याला पैरा म्हणतात. बाप गेल्यापासून त्यांचा पैरा कधी मोडला नव्हता.

बहिरूनं बांधावरून विचारलं, "गाठोड्यात काय रं?"

"बी."

"कशाचं?"

"तागाचं."

बहिरूनं तंबाखूची गुळणी टाकली. "कुनाची तिरडी बांधायचीया?"

"जिमिनीची तब्येत बरी न्हाई, दादा."

"मंग तिचीच बांध," बहिरू म्हणाला आणि हसला. म्हाळूही थोडा हसला. तेव्हा अजून हसण्यासारखं होतं.

मृगात रान भिजलं आणि म्हाळूनं ताग फेकला. मूठ भरून, दाट, गवत पेरावं तसा. बाजरी पेरली नाही. गावाला वाटलं, ह्याचं डोकं फिरलं. धुरपाला भीती वाटत होती, पण तिनं पदरात बी घेतलं आणि दुसऱ्या टोकानं तीही फेकत निघाली. मध्ये दोघं भेटले तेव्हा तिनं विचारलं, "रान नुसतं पडीक ठिवलं असतं तर? इसावा मिळाला असता."

म्हाळू सावकाश बोलायचा. तो म्हणाला, "दमलेलं मानूस झोपतं तवा आपन त्याच्या अंगावर काईतरी टाकतो. रान नुसतं ठिवलं की ते उघडंच पडतं, वाऱ्यात, पान्यात. त्याला कशी झोप लागंल?"

धुरपानं मान हलवली. ते तिला पटलं. त्यानंतर तिनं पुन्हा विचारलं नाही.

ताग उगवला. आधी बोटभर, मग गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा. इतका दाट की खाली ऊन पडेना. ज्या हरळीनं म्हाळूच्या बापाची कंबर मोडली होती, ती हरळी अंधारात पिवळी पडली आणि गप झाली. लोकांच्या रानात बाजरी वीतभर होऊन थांबली होती आणि खाली भेगा दिसत होत्या. म्हाळूच्या रानात बांध ओलांडला की पायाला गार लागायचं. गावातले सगळे लावे पक्षी तिथं राहायला आले, असं म्हणतात. ससे तर इतके झाले की ताग वारा नसताना हलायचा.

वाटेनं जाणारे विचारायचे, "काय म्हाळबा, हेची भाकरी कशी लागती?"

"लागंल तवा सांगतो," म्हाळू म्हणायचा.

पण फुलं आली आणि चेष्टा थांबली. सगळं रान पिवळं झालं. मधमाश्या आल्या. बायका पाण्याची वाट बदलून लांबून जाऊ लागल्या, कारण त्या फुलांवर नजर पडायला नको. म्हाळूला हौसाबाईचं बोलणं आठवत होतं. फुलावर आला की गाड. तो बहिरूकडं गेला.

"दादा, उद्या बांड्याला दे. रान नांगरायचंय."

बहिरू उठून उभा राहिला. "कंचं रान?"

"तागाचं."

"फुललेल्या पिकात नांगर घालायचा?"

ह्या गावात, पीक फुलावर आलं की त्यात लोखंड नेत नसत. विळासुद्धा बांधावर ठेवून आत जायचं. फुललेलं रान म्हणजे पोटुशी बाई, असं मानत. त्याला मोडायचं म्हणजे काय, हे कुणी बोलूनही दाखवत नसे.

"ताग पेरलास, म्या काय बोललो न्हाई," बहिरू म्हणाला.

"बोललास की, दादा. तिरडी म्हनलास."

"ते चेष्टंनं. ही चेष्टा न्हाई, म्हाळू. बैल मिळनार न्हाई. ह्या पापाला माझं जनावर जुंपायचं न्हाई."

म्हाळूनं पुन्हा मागितला नाही. तो घरी आला आणि उंबऱ्यावर बसला. मोरा दावणीला एकटा रवंथ करत होता. गावात दुसऱ्या कुणाकडं मागायला जावं, तर ज्याचा सख्खा भाऊ नाही म्हणाला त्याला कोण देणार? आणि फूल थांबत नाही. ते रोज थोडं उलटत होतं.

त्याच दिवसांत मघांचा पाऊस आला.

तसा पाऊस त्याआधी झाला नव्हता आणि त्यानंतरही झाला नाही, असं म्हणतात. आभाळ खाली बसलं होतं, हात वर केला तर ओला होऊन खाली यायचा. पाऊस थांबला तेव्हा लोक रानं बघायला निघाले आणि ओढ्यापाशी उभे राहिले. ओढा तांबडा वाहत होता. ती त्यांची माती होती. पण म्हाळूच्या रानातून ओढ्याला जी धार मिळत होती, ती निवळ होती, देवाला वाहावं तसं पाणी. ओढ्याला एका काठानं तांबडं आणि एका काठानं पांढरं पाणी चाललं होतं, आणि पार खालच्या गावापर्यंत ती दोन पाणी मिसळली नाहीत, असं म्हणतात. मिसळली असतील. पण बघणाऱ्यांना तसं दिसलं खरं.

बहिरूच्या रानाच्या मध्यावर खडक उघडा पडला होता. एक म्हैस बसेल एवढा, काळा, धुतलेला. वरची माती बाजरीसकट बांध फोडून खाली गेली होती आणि म्हाळूच्या तागात अडकली होती. तागानं ती सोडली नव्हती. बुंध्याबुंध्याशी तिचे ढीग बसले होते.

बहिरू फुटक्या बांधावर बसला. "माझं रान तुझ्या रानात येऊन पडलंया," तो म्हणाला. "घे. आता तुझं झालं."

"न्हाई," म्हाळू म्हणाला.

तो घरी गेला, पाटी आणि फावडं घेऊन आला. त्यानं पाटी भरली, डोक्यावर घेतली, बांध चढला आणि बहिरूच्या रानात त्या उघड्या खडकावर ओतली. पुन्हा खाली आला. पुन्हा भरली. ओली माती किती जड असते हे ज्यानं वाहिली आहे त्यालाच कळतं. म्हाळू काही तरणा नव्हता. पाटी उचलताना त्याचे गुडघे वाजायचे. धुरपा पाटीला हात लावून द्यायची आणि तो चढून जाईपर्यंत खाली उभी राहायची. तो दिवस गेला, दुसरा गेला. त्याच्या मुंडाशात माती मुरली, मातीत पेरणीतलं न उगवलेलं तागाचं बी होतं, आणि पाटीच्या ओलीनं त्याच्या मुंडाशावर ताग उगवला, असं म्हणतात. कोवळी दोन दोन पानं. धुरपानं ते उपटायला हात नेला तर तो म्हणाला, राहू दे, तेवढीच सावली.

बहिरू सगळं बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"पुन्हा पाऊस आला की ही माती पुन्हा खाली यील," तो म्हणाला.

"यील."

"मंग?"

"मंग पुन्हा आनीन."

"किती दमशील, म्हाळू?"

"दमलोयच की, दादा," म्हाळू म्हणाला आणि पाटी उपडी केली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना म्हाळू रानात आला, तर बांड्या तिथं उभा होता. मोऱ्यालाही कुणीतरी सोडून आणलं होतं. दोघांच्या मानेवर जू होतं आणि बहिरू जुवाच्या खुंट्या, शिवळा, बसवत होता. म्हाळू पुढं झाला. नांगराच्या मुठीला, म्हणजे रुमण्याला, त्यानं हात घातला.

"दादा, तू बैलाफुडं चाल. रुमनं म्या धरतो. ज्याच्या हाती रुमनं, त्याच्या डोक्यावर ते पाप."

"थोरला कोन?" बहिरूनं विचारलं.

"तू."

"मंग सर तिकडं."

आणि बहिरूनं रुमणं धरलं.

आधी त्यांनी लाकडी फळी फिरवून ताग आडवा केला, मग त्यावरून नांगर घातला. फुलं मातीखाली जाताना दिसत होती. म्हाळू बैलांपुढं चालत होता आणि त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही. मधमाश्यांचं मोहोळ नांगराच्या वर तरंगत होतं. त्या कुणाला चावल्या नाहीत, नुसत्या तासामागून तास बरोबर फिरत राहिल्या, असं म्हणतात. गाव बांधावर उभं होतं. दुपारी शेवटचं पिवळं फूल मातीत गेलं तेव्हा बहिरूनं रुमणं सोडलं आणि दोन्ही हात मातीत घासले, पुन्हा पुन्हा घासले. धुरपानं पुढं येऊन त्याच्या हातावर पाणी घातलं. तेव्हा कुठं तो थांबला.

मग रान झोपलं.

हे म्हाळूचं म्हणणं. सकाळी त्या रानातून वाफ वर यायची आणि कुजलेल्या पाल्याचा आंबूस, गोडसर वास यायचा. लोक म्हणायचे, जमीन सडली. म्हाळू म्हणायचा, घोरतीय. पोरं बांधावरून पळत गेली तर तो बोट तोंडावर ठेवायचा, हळू, ती निजलीय. काही जण कान लावून बघायला गेले. आत श्वास ऐकू येतो, असं त्यांनी येऊन सांगितलं. गांडुळांनी सगळं रान आतून चाळून काढलं. चिखल वाळला तरी भेग पडली नाही. आणि हस्ताच्या पावसानंतर म्हाळूनं ज्वारी पेरली तेव्हा पेरायची पाभर अशी आत गेली, जसा हात पिठात जातो.

ती ज्वारी पुढं किती वाढली ह्यावर खडकओहळमध्ये आजही वाद होतो. कुणी म्हणतं पुरुषभर. कुणी म्हणतं, बहिरूचा बांड्या त्यात शिरला आणि हरवला, त्याची घंटा ऐकू यायची पण बैल दिसायचा नाही, शेवटी कापणी त्याच्यापर्यंत आली तेव्हा तो सापडला, आणि तो इतका पोसला होता की गोठ्याच्या दारातून आत जाईना. एवढं मात्र सगळे मान्य करतात, की त्या साली थंडीत पाऊस पडला नाही, इतरांची ज्वारी करपली, आणि म्हाळूच्या रानात खाली ओल होती.

होळी आली. लोकांनी ठरल्याप्रमाणं दारं काढली होती. गाड्या भरल्या होत्या. ते म्हाळूच्या रानाजवळून उतरणार होते, कारण वाट तिथूनच जाते. धुरपा वाटेच्या कडेला बसली होती. पुढ्यात दोन ढीग. एक ज्वारीचा आणि एक तागाच्या बियांचा, कारण म्हाळूनं कडेची एक पट्टी न मोडता बियांसाठी ठेवली होती. ती कुणाला अडवत नव्हती. जो गाडीवरून उतरेल त्याच्या पदरात ती दोन्ही ओंजळी घालायची. किती जणांना दिलं ते तिनं मोजलं नाही, आणि ढीग काही सरला नाही, असं म्हणतात.

पहिली गाडी बहिरूची होती. त्यानं गाडी वळवली. मग मागच्या गाड्यांना पुढं जायला वाट नव्हती, त्यांनीही वळवल्या. त्या दिवशी कुणी नाचलं नाही की गुलाल उधळला नाही. माणसं फार दमली होती. त्यांनी दारं उतरवून चौकटीत बसवली, कुणाचं दार कुणाच्या घराला गेलं, ते तसंच राहिलं. धुरपानं आपलं दार काढलंच नव्हतं.

आता कुणी म्हणेल, एका तागानं सगळं झालं. तसं झालं नाही. माती जाते लवकर आणि येते सावकाश. त्यांना फिरून फिरून ताग पेरावा लागला, ह्या साली हे रान, त्या साली ते. काहींनी मटकी पसरली, काहींनी हुलगा. सड उपटणं बंद झालं. बांध घातले. पोटाला चिमटा घेऊन एकेक रान दरसाल निजवायचं, आणि शेजाऱ्यानं तेवढं वर्ष त्या घराला ज्वारी पुरवायची, अशी रीत पडली. ती रीत ओढत न्यायची म्हणजे काही सोपं नव्हतं.

दुसऱ्या साली बहिरूनं आपल्या रानात ताग पेरला. म्हाळूनं डोक्यावरून वाहिलेली माती होती ती. ताग चांगला झाला. फुलं आली. बहिरू रोज बैल घेऊन यायचा, बांधावर उभा राहायचा आणि परत जायचा. धाकट्याचं रान त्यानं मोडलं होतं, पण स्वतः पेरलेलं, स्वतः वाढवलेलं फूल मोडायला त्याचा हात उठेना. फूल उलटायला लागलं.

म्हाळूला तेव्हा खोकला झाला होता. पाटी वाहिल्यापासून त्याच्या छातीत श्वास पुरत नव्हता, मान एका बाजूला कलली होती. एका सकाळी तो उठला, मोऱ्याला सोडलं आणि वर गेला. बहिरू बांधावर बसला होता. म्हाळूनं त्याला काही विचारलं नाही. बांड्याला मोऱ्याशेजारी उभं करून जू चढवलं आणि रुमणं धरलं. बहिरूनं त्याच्याकडं पाठ केली आणि तो ओढ्याकडं बघत बसून राहिला. मागं नांगर चालत होता. मध्येच खोकला यायचा, नांगर थांबायचा, मग पुन्हा चालायचा.

सगळं रान झालं तेव्हा म्हाळूनं बैल सोडले आणि घरी येऊन तो आडवा झाला. धुरपानं त्याच्या अंगावर वाकळ घातली. तो पुन्हा उठला नाही. असं एक म्हणतात. दुसरं असं म्हणतात, की तो घरी आलाच नाही, नांगरलेल्या रानात मध्यभागी बसला, आणि मातीनं त्याला हळूच आत घेतलं, फुलांना घेतलं तसं. दोन्ही खरं असेल. लोक मात्र तेव्हा कुजबुजले, की बघा, ताग फुलला आणि माणूस गेलं.

ते धुरपाच्या कानावर आलं. ती म्हणाली, "मानूस दमून जातं. तागानं न्हाई."

आणि पुढच्या मृगात तिनं पुन्हा ताग फेकला. तिच्या मागून मग सगळ्यांनी फेकला. ती त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली आणि तिच्याच दारात, तिच्याच चुलीपाशी गेली.

खडकओहळमध्ये आजही आपला ताग आपण गाडायचा नसतो. फूल आलं की शेजारी येतो. त्याला बोलवायला जायचं नसतं, तो आपणहून येतो. बोलणं असो, भांडण असो, कोर्टात दावा असो, ते त्या दिवशी मध्ये येत नाही. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर येतो. त्या दिवसाला म्हाळूचा दिवस म्हणतात. ज्याचं रान असतं तो बांधावर पाठ करून बसतो, कारण आपलं फूल मोडताना आपण बघायचं नसतं. आभार मानायचे नसतात. शेवटचा तास झाला तरी तो मागं वळून पाहत नाही. नांगरणारा ट्रॅक्टरवरून खाली उतरतो, फाळाची माती बोटांनी निपटून त्याच रानात टाकतो, टॉवेल खांद्यावर घेतो, आणि आपल्या वाटेनं निघून जातो.